वीस मिनिटांची हवा

“नक्शा दे दो, छुट्टी ले लो,” पाणीपुरवठ्याचे साहेब म्हणाले आणि महागूचा अर्ज त्यांनी टेबलावरून एका बोटानं असा परत सरकवला, जणू कागदाला काही लागलेलं होतं.

दोन दिवसांची रजा, शुक्रवार आणि शनिवार. अर्ज तिसऱ्यांदा परत येत होता. पहिल्यांदा साहेब मीटिंगला होते. दुसऱ्यांदा अर्जात कारण नव्हतं. आता दीप्तीनं, म्हणजे महागूच्या मुलीनं, शुद्ध हिंदीत कारण लिहून दिलं होतं: पत्नी सहित प्राचीन स्थल दर्शन हेतु. साहेबांनी ते मोठ्यानं वाचलं आणि बाजूच्या बाबूकडे पाहून हसले. बाबूही हसला. पाण्याचे व्हॉल्व्ह फिरवणारा माणूस प्राचीन स्थळं बघायला निघाला, ह्याच्यात हसण्यासारखं काय आहे ते महागूला कळलं नाही. पण सत्तावीस वर्षं ज्या ऑफिसात बसायला खुर्ची मिळाली नाही तिथं माणूस असे प्रश्न विचारत नाही. त्यानं अर्जाची घडी केली, खिशात घातली आणि बाहेर येऊन सायकलच्या दांड्याला बांधलेली चावी चाचपून पाहिली.

ती चावी म्हणजे तीन फूट लांब लोखंडी सळई. खाली चौकोनी तोंड, वर आडवा दांडा. रस्त्यातल्या चेंबरमध्ये उभी घालायची आणि दोन्ही हातांनी फिरवायची. मोहझरीत लहान पोरंही ती चावी बघून ओरडतात, पानीवाला आला.

मोहझरी म्हणजे मध्य प्रदेशातल्या बालाघाटहून किरनापूरकडे निघालं की लागणारा कसबा. गावाचं मध्येच कधीतरी शहर झालं, म्हणजे बोर्ड बदलला. पाण्याच्या लाइनी मात्र चार ठेकेदारांनी चार वेळा, एकानं दुसऱ्याचं न बघता जमिनीत पुरल्या. पहिला नकाशा ऑफिसच्या कपाटात वाळवीनं खाल्ला आणि पुढचे तीन कोणी काढलेच नाहीत. कुठल्या गल्लीचं पाणी कुठल्या चेंबरातून जातं, कुठला व्हॉल्व्ह उलटा फिरतो, कुठला अर्ध्यावरच सोडावा लागतो नाहीतर पुढचा जोड फुटतो, हे सगळं एकाच जागी नोंदलेलं होतं. महागू रामटेकेच्या डोक्यात. एकेचाळीस व्हॉल्व्ह, सत्तावीस वर्षं, आणि सत्तावीस वर्षांनंतरही हजेरीपटावर त्याच्या नावापुढं शब्द एकच: दैनिक, म्हणजे रोजंदारीवर.

त्याला त्याचा अर्थ चांगला माहीत होता. तीन वेळा छाटणी झाली, बरोबरचे नऊ जण घरी गेले. महागू राहिला, कारण तो गेला असता तर दुसऱ्या दिवशी साहेबांच्याच न्हाणीघरात बादली कोरडी राहिली असती. म्हणून त्यानं कागदावर कधी एक रेघ मारली नाही. डोक्यातला नकाशा हीच त्याची नेमणूक आणि हीच पेन्शन. पायातली बेडीही तीच. ज्याच्याशिवाय पाणी येत नाही त्याला एक रात्रसुद्धा गाव सोडता येत नाही. वारासिवनीला सासरा वारला तेव्हा तो सकाळचं पाणी सोडून गेला आणि संध्याकाळचं सोडायला परत आला. मातीला होता, जेवणाला नव्हता. सासरच्यांनी ते अजून विसरलेलं नाही.

आता नवीन ठेका निघाला होता. सगळ्या लाइनी मोबाइलमध्ये चढवायच्या, अशी वरून सूचना होती. ठेकेदारानं अंकित नावाचा मुलगा पाठवला होता. डिप्लोमावाला, पायांत पांढरे बूट. साहेबांचं म्हणणं असं, की महागूनं अंकितला नकाशा काढून द्यावा, मग दोन दिवस काय, चार दिवस जावं. चार दिवसांनंतर काय, ते साहेब बोलले नाहीत. महागूनंही विचारलं नाही. दोघांनाही ठाऊक होतं.

घरी महागूची बायको कमला दारात बसून गुडघ्याला तेल लावत होती. त्यानं सायकल भिंतीला टेकवली त्या आवाजावरूनच तिला समजलं.

“नाई भेटली?”

“भेटन. मुंडकं कापून दिलं का भेटन.”

तिनं तेलाची वाटी बाजूला सारली आणि भिंतीला धरून, एक पाय आधी, मग दुसरा, अशी उठली. हे उठणं महागूला बघवत नसे. तो नेमका त्या वेळी सायकलच्या चेनकडे बघायचा.

कमलाच्या टिनाच्या पेटीच्या झाकणावर आतून एक चित्र चिकटवलेलं आहे. अकरा वर्षांपूर्वीच्या कॅलेंडरचं पान, मे महिन्याचं. कॅलेंडर ते राहतात त्या टेकडीवरच्या विहारात लागलेलं होतं. वर्ष संपल्यावर कमलानं ते पान मागून घेतलं. चित्र भिवाडोंगरीचं. महाराष्ट्रात, उमरेडच्या पुढं. डोंगरावर विटांच्या स्तूपाचा पडका चौथरा, खडकात कोरलेल्या सहा खोल्या आणि शेवटच्या खोलीच्या बाजूला, दगडातच खोदलेलं एक टाकं. पावसाळ्यात वर्षावासाला येऊन राहिलेल्या भंतेजींनी सांगितलं होतं, की दोन हजार वर्षं झाली, भिक्खू गेले, छपरं पडली, पण मे महिन्यातसुद्धा त्या टाक्यात पाणी असतं.

कमलाला त्या खोल्या बघायच्या होत्या. दगडाच्या ओट्यावर उशी न घेता माणसं वर्षानुवर्षं कशी निजली असतील, ते तिला तिथं हात लावून बघायचं होतं. महागूला टाकं बघायचं होतं. तेव्हा त्यानं भंतेजींना विचारलं होतं, की पाणी जास्त झाल्यावर निघतं कुठून? भंतेजींना ते माहीत नव्हतं. ज्यानं टाकं खोदलं त्यानं पाणी निघायची वाट केलीच असणार, मग ती कुठं? हा प्रश्न अकरा वर्षं त्याच्या डोक्यात ठिबकत होता.

तीन वेळा जायचं ठरलं होतं. पहिल्यांदा कोणी मंत्री येणार होते, रस्ते धुवायचे होते. मंत्री आले नाहीत, रस्ते धुतले गेले. दुसऱ्यांदा दिवाळीच्या तोंडावर बाजारातली लाइन फुटली. तिसऱ्यांदा निवडणूक, बूथाबूथावर पाणी भरायचं. तिन्ही वेळा कमलानं तिखट पुऱ्या केल्या आणि तिन्ही वेळा त्या घरातच, ह्याच अंगणात बसून, एकमेकांकडे न बघता खाल्ल्या.

आणि ह्या उन्हाळ्यात बालाघाटच्या डॉक्टरांनी गुडघ्यांचा फोटो दिव्यासमोर धरून सांगितलं, की पायऱ्या चढायच्या असतील त्या यंदाच चढून घ्या. पुढच्या वर्षी मला विचारू नका. भिवाडोंगरीला तीनशे दहा पायऱ्या आहेत. दीप्तीनं मोबाइलवर पाहून ठेवलं होतं.

सगळा बेत दीप्तीचाच. ती बी.एस्सी. करते आणि मोबाइल सोडून बोलत नाही. पहाटे चार चाळीसची गोंदियाची बस, गोंदियाहून नागपूरपर्यंत जनरलचा डबा, नागपूरहून एस.टी. महाराष्ट्राच्या एस.टी.त बायांना अर्धं तिकीट, त्याच्यावर ती इतकी खूश होती, की तिकीट वाचतं म्हणून आईला दोनदा नेऊ म्हणत होती. उमरेडहून काळीपिवळी जीप. रात्री डोंगराखालच्या विहाराच्या हॉलमध्ये मुक्काम, फुकट, फक्त चादर आपली न्यायची. जेवण घरचं.

“बाबा, इतने में तो कोई नागपुर की शादी भी अटेंड नहीं करता,” ती म्हणाली.

महागूनं बेतात खोट काढली. बस वेळेवर येत नाही. जनरलमध्ये कमलाला उभं राहता येणार नाही. काळीपिवळीवाला लुटतो. हॉलमध्ये डास असतील. प्रत्येक खोटीला दीप्तीजवळ उत्तर होतं आणि प्रत्येक उत्तरानं त्याचा आवाज वाढत होता. शेवटी तो ओरडला, की तुमाले का, तुमी मोबाइलवर बोट फिरवता, मले इथं एकेचाळीस जागी चावी फिरवा लागते.

कमला भाकर थापत होती. तिनं मान वर केली नाही.

“तुमी नका येऊ,” ती म्हणाली. “मी आनं दीप्ती जातो.”

महागू चुलीपाशी येऊन उभा राहिला.

“अकरा वर्स झाले आयकून राह्यली. पानी, पानी, पानी. त्या पान्याले तुमच्या चावीच्या आधी म्या वाह्यलं, डोक्शावर. हे गुडघे काहून गेले, इसरले का?”

तो विसरला नव्हता. विसरता आलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

ही टेकडी म्हणजे चौतीस घरांची वस्ती, गावाच्या उशाशी. लग्न होऊन कमला इथं आली तेव्हा पाणी टेकडीच्या पायथ्याला, हातपंपावर. डोक्यावर पाण्याचे दोन गुंड, कमरेवर एक, आणि चढण. दिवसातून सहा खेपा. सहा वर्षं. दीप्ती पोटात होती तेव्हाही. टेकडीनं अर्ज केले. त्या वेळच्या साहेबांनी लिहून दिलं, की ऊंचाई पर प्रेशर नहीं चढ़ेगा. वर येऊन कोणी पाहिलं नाही. खोटं लिहायला वर कशाला यावं लागतं?

प्रेशर चढत होतं. महागूला माहीत होतं, कारण अफसर कॉलनीची मोठी लाइन टेकडीच्या कुशीतूनच जाते. पहाटे कॉलनीचा व्हॉल्व्ह बंद ठेवला, की लाइनमध्ये जोर इतका येतो की पाणी टेकडी सोडून ढगातही चढेल. एकोणीस वर्षांपूर्वी होळीच्या सुट्टीत, ऑफिसला कुलूप असताना, त्यानं ती लाइन उघडून एक फाटा काढला आणि त्याच्यावर व्हॉल्व्ह बसवला. चेंबरवर शांताबाईच्या अंगणातला धुण्याचा दगड सरकवून ठेवला. त्या दगडावर बाया आजही कपडे धुतात. त्या व्हॉल्व्हची चावीही वेगळी. जीपच्या जुन्या सळईची, लोहाराकडून घडवून घेतलेली. ती ऑफिसात कधी गेली नाही. रोज पहाटे पाच दहाला महागू दगड सरकवतो, चावी घालतो. पाच तीसला बंद करतो आणि मग खाली जाऊन कॉलनीचं पाणी सोडतो. कॉलनीवाले म्हणतात पाणी साडेपाचला येतं. एकोणीस वर्षं तसंच म्हणतात.

हे बेकायदा आहे. असू द्या. जिथं प्रेशर चढत नाही असं सरकारी कागदावर आहे तिथं चौतीस घरं रोज वीस मिनिटं पाणी भरतात. आता कागद खरा की पाणी, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

पण नकाशात तो व्हॉल्व्ह दाखवला, तर अंकितचा मोबाइल त्याला अवैध कनेक्शन म्हणणार आणि टेकडीची लाइन कापली जाणार. नकाशात दाखवला नाही, तर शुक्रवारी आणि शनिवारी पहाटे तो उघडणार कोण? आणि नकाशाच दिला नाही, तर कमला त्याला मागं टाकून डोंगर चढणार. अकरा वर्षं ज्या पायऱ्या त्यानं मनात मोजल्या, त्या ती त्याच्यावाचून चढणार, एक पाय आधी, मग दुसरा, आणि हात धरायला तो नसणार.

त्या रात्री तो भाकर न खाताच निजला. सकाळी सगळं पाणी सोडून आला आणि दीप्तीला म्हणाला, “कागद घे. मोठा.”

तीन दिवस संध्याकाळी बाप बोलत होता आणि मुलगी काढत होती. प्रॅक्टिकलच्या वहीची कोरी पानं एकमेकांना चिकटवून केलेला तो कागद अर्धी खोली व्यापत होता. महागू डोळे मिटून बसायचा. गल्ली आठवायची तर त्याला नाव लागत नसे, हात लागत. हवेत मुठी आवळून फिरवायचा आणि मग सांगायचा, शाळेमागचा, उलटा, नऊ फेरे. दत्त मंदिराजवळचा, सुलटा, सहा, पण तिसऱ्या फेऱ्याला अडकतो, जोर नाही करायचा. दीप्ती पहिल्यांदा हसली. दुसऱ्या दिवशी हसली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं एकेचाळीसावा गोल काढला आणि पेन्सिल थांबवली.

“और अपना?”

“आपला नाई.”

“तो फिर पानी…”

“तू लिही. अफसर कॉलनी, टाइम पाच तीस.” त्यानं गोलाच्या बाजूला बोट टेकवलं. “आनं बाजूले लिही, पाच दस से पाच तीस, लाइन की हवा निकासी. बीस मिनट. इसके पहले खोलना मना है.”

दीप्तीनं बापाकडे पाहिलं. मग स्वच्छ अक्षरात लिहिलं, लाल पेननं. नकाशात व्हॉल्व्ह नव्हता, पण वीस मिनिटं होती.

राहिला प्रश्न चावी फिरवणाऱ्याचा. तरण्या पोरांना सांगावं तर ते आधी व्हिडिओ काढतील. महागूनं दोन दिवस विचार केला आणि बुधवारी दुपारी शांताबाईकडे गेला. सत्तरीची बाई, एका कानानं बहिरी, एकटी. मुलगा पुण्याला. महागू तिला मावशी म्हणतो.

त्यानं इकडं तिकडं बघून दार लोटलं, जीपच्या सळईची चावी पिशवीतून काढून तिच्यासमोर ठेवली आणि हळू आवाजात सुरुवात केली, की मावशी, एक गोष्ट सांगाची हाये, कोनाले बोलाची नाई, हे काम लय कठीन हाये…

“सात फेरे हळू,” शांताबाई म्हणाली. ती तांदूळ निवडत होती. “मंग थांबाचं. हवा फुसफुस करते, ते सरू द्याची. मंग साडेच्यार. साडेअकराच्या वरतं नाई, नाईतं नूतनच्या घराकडचा जोड फुटते. दोन हजार चौदात फुटलता तसा.”

महागूनं चमकून दार उघडलं आणि बाहेर कोणी ऐकतंय का ते पाहिलं.

“एकोनीस वर्स माह्या दारात चावी फिरून राह्यली, आनं मले समजनार नाई का रे? तू चावीले कान लावते. मले धड आयकू येत नाई, म्या हात लावून पाह्यलं. तुले ताप आलता, उशीर झालता, तवा कोनं खोललं वाटते तुले?”

तो ताप त्याला आठवत होता. सात वर्षांपूर्वीचा. तो तापातच धडपडत सहा वाजता इथं आला होता तेव्हा घराघरांत पाणी भरलेलं होतं. त्याला वाटलं, आपणच तापाच्या भरात आधी येऊन गेलो. कोणाला विचारलंही नव्हतं.

“चावी तं माह्याजवळ होती,” तो म्हणाला.

“पाना नसते का दुनियेत?” शांताबाईनं तांदळातला खडा अंगणात फेकला. “आनं तो तपासनीवाला आलता, तवा ह्या दगडावर खाट टाकून कोन निजलतं? उलट्या कोन करत होतं? नूतनची सासू रडत होती, का बुढी मरून राह्यली, गाडी आना. तो पळाला. सारी टेकडी हासली चार दिवस. तुले सांगतलं नाई.”

“काहून नाई सांगतलं?”

“तू इचारलं काहून नाई?”

त्याला राग आला. एकोणीस वर्षं तो एकटा ही टेकडी खांद्यावर धरून उभा होता. ताप, सण, सासऱ्याचं जेवण, तीन वेळा बांधलेली पिशवी, सगळं त्यानं ह्या दगडाखाली घातलं होतं. आणि ही म्हातारी तांदूळ निवडता निवडता सांगते, की अरे लेका, आम्ही होतो की. म्हणजे कमलाला घेऊन तो केव्हाही जाऊ शकला असता. तिचे गुडघे शाबूत होते तेव्हाही.

“इतले वर्स मले बांधून ठेवलं तुमी,” तो म्हणाला.

शांताबाईनं पहिल्यांदा सूप खाली ठेवलं.

“आमी? बाबू, आमाले वाटे का तुले आवडते. पानी सोडतानी तुह्यं तोंड पाह्यलं हाये म्या. एखाद्या राजासारकं. कोन काढून घेईन?”

मग तिनं चावी उचलली, लुगड्याच्या पदरानं पुसली आणि खाटेखाली सरकवली. तो उठला तेव्हा तिनं सांगितलं, की कमलीले सांग, तिथचं थोडंसं पानी आनजो म्हना बाटलीत. त्यानं तिला सांगून ठेवलं, की पाणी आलं नाही तर फोन करायचा. आलं तर करायचा नाही, उगीच पैसे जातात. ती म्हणाली, “हौ. येईनच.”

गुरुवारी त्यानं गुंडाळी केलेला कागद ऑफिसात नेला. अंकितनं तो जमिनीवर पसरला, पांढरे बूट काढून ठेवले आणि गुडघ्यांवर बसून बघत राहिला. मग म्हणाला, “चाचा, ये सब आपके दिमाग में था?” त्याच्या बोलण्यात टिंगल नव्हती. सत्तावीस वर्षांत ह्या ऑफिसात महागूशी असं कोणी बोललं नव्हतं, आणि बोललं ते ह्या पोरानं, जो त्याची जागा घ्यायला आला होता. शिवी द्यावी तर कोणाला द्यावी, तेही धड उरलं नाही.

अंकित एकेक गोल मोबाइलमध्ये चढवू लागला. एकेचाळीसाव्यापाशी थांबला.

“बीस मिनट हवा? इतनी हवा कहाँ से आती है, चाचा?”

“पुरानी लाइन है.”

“बाकी लाइनें भी तो पुरानी हैं.”

महागूनं खिडकीबाहेर पाहिलं. खिडकीतून टेकडी दिसते. अंकितनंही पाहिलं. वर कुणाच्या तरी घरावर धुतलेली चादर वाळत होती, उन्हात पांढरीफटक.

“तुम्हारी मर्जी,” महागू म्हणाला. “बीस मिनट नहीं रुकोगे तो फटेगी. फिर मैं यहाँ नहीं रहूँगा.”

अंकितचा अंगठा मोबाइलवर तसाच अधांतरी राहिला. मग त्यानं काहीतरी टाइप केलं. काय केलं ते महागूला दिसलं नाही.

साहेबांनी अर्जावर सही केली. सही करायला त्यांना चार सेकंद लागले. ह्या चार सेकंदांसाठी अकरा वर्षं. कागद परत देताना ते सहज म्हणाले, “और हाँ, चाबी यहीं छोड़ते जाना. अंकित को लगेगी. सोमवार को आकर मिल लेना, देखते हैं.”

देखते हैं. महागूनं सायकलच्या दांड्याची सुतळी सोडली. गाठ जुनी होती, बोटांना सुटेना, त्यानं दातांनी सोडली. चावी आत नेली. ठेवायला जागा कुठं ते कोणी सांगितलं नाही, म्हणून कपाटाच्या बाजूला, जिथं झाडू उभा होता, तिथं उभी केली. परत येताना सायकल हलकी लागत होती आणि एका बाजूला कलत होती. सत्तावीस वर्षं तोल त्या वजनावर धरलेला होता.

कमलानं संध्याकाळी तिखट पुऱ्या केल्या. ह्या वेळी तिनं त्या डब्यात भरून वरून कापड बांधलं, आणि सकाळपर्यंत कोणी हात लावायचा नाही, असं दीप्तीला दोनदा सांगितलं.

बस चार चाळीसची होती, पाचला आली. दीप्ती मोबाइलमध्ये बघून म्हणाली, की ट्रेन छूटेगी तो अगली से जाएँगे, दूसरी भी है. महागू नेहमीसारखा खेकसला नाही. कमलाला खिडकीची जागा मिळाली. तिनं गुडघे हातांनी उचलून सीटखालच्या जागेत बसवले, डबा मांडीवर घेतला. मोहझरी मागं पडलं. बाहेर अजून अंधारच होता, धानाच्या बांध्यांत पाणी तेवढं फिकट दिसत होतं.

पाच वाजून दहा मिनिटं झाली ते महागूला घड्याळात बघावं लागलं नाही. पुढच्या सीटच्या पाठीवर लोखंडी दांडा होता, आडवा. त्याच्या दोन्ही मुठी त्याच्यावर केव्हा आवळल्या गेल्या ते त्याला कळलं नाही. दांडा फिरत नव्हता, मनगटं फिरत होती. सात, हळू. मग थांबला. ओठांतून बारीक हवा सोडली. मग साडेचार. पुढच्या सीटवरचा माणूस झोपेतच कुरकुरला.

कमला बघत होती. ती हसली नाही. तिनं डब्यावरचा हात काढून त्याच्या मनगटावर ठेवला नाही, की काही समजावलं नाही. फक्त म्हणाली, “कान लावा ना.”

त्यानं वाकून दांड्याला कान लावला. आत इंजिनाची घरघर होती, दुसरं काही नव्हतं. तो तसाच राहिला. मोबाइल त्यानं मांडीवर उलटा ठेवला होता. मग सुलटा केला. रेंजच्या चारही काड्या होत्या. पाच वीस झाले. पाच तीस झाले. उजाडू लागलं. वैनगंगेकडून येणारी गार हवा खिडकीतून आत आली आणि कमलानं पदर डोक्यावर घेतला.

फोन वाजला नाही.

“आलं?” कमलानं विचारलं.

“हौ,” तो म्हणाला. “आलं.”

त्यानं मुठी सोडल्या. तळव्यांवर दांड्याचा गंज लागला होता. तो त्यानं पुसला नाही. हात उताणे करून मांडीवर ठेवले आणि गोंदिया येईपर्यंत तसेच राहू दिले.